डोळे शेवटी

४ मे
गिरगाव

ती. आप्पा,

पत्राची सुरुवात साष्टांग नमस्काराने करायची असते हे तुम्हीच शिकवलंत. या वेळी तो राहू दे. आणि मी माफी मागायला लिहीत नाहीये हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शेवटच्या ओळीपर्यंत आशेवर राहायला नको.

फोन तुम्ही उचलत नाही. आईच्या फोनवर तुम्हाला मागितलं की तुम्ही नेमके आंघोळीला गेलेले असता. गेल्या दोन वर्षांत लालबागमध्ये तुमच्याइतकी आंघोळ कोणी केली नसेल. म्हणून पत्र. पोस्टमनला तरी तुम्ही परत पाठवणार नाही.

कळवायचं ते असं. मी एक गेम बनवतेय आणि तो आपल्या कारखान्याबद्दल आहे. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेला बरा.

गेम म्हटल्यावर तुमच्यासमोर गोळीबार येईल. हा तसला नाही. मोबाइलवर एक चित्र येतं, खाली गोष्टीच्या चार ओळी येतात, आणि त्याखाली दोन वाक्यं. वाचणाऱ्याने त्यातलं एक निवडायचं. जे निवडेल त्याप्रमाणे पुढचं चित्र येतं आणि गोष्ट तिकडे वळते. चित्रं मी काढते, गोष्ट मी लिहिते. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ठाकूरद्वारच्या ज्या छापखान्यात मी लग्नपत्रिका जुळवते, तिथे दादरची इरावती तिच्या बहिणीची पत्रिका घेऊन आली. कोपऱ्यातला गणपती कोणी काढला म्हणून विचारू लागली. मी काढला म्हटल्यावर तिथेच स्टुलावर बसली आणि तिचे स्वतःचे गेम दाखवायला लागली. तेव्हापासून ती मला शिकवतेय. रागावते फार, पण समजावून रागावते, ही गोष्ट मला नवीन आहे.

गेममध्ये एक मुलगी आहे. तिचे वडील लालबागचे मूर्तिकार. मुलगी शाडू मळते, पितांबर रंगवते, दागिन्यांना सोनेरी लावते, पायाची नखं काढते. फक्त डोळ्यांची आखणी करत नाही. ती वडील करतात, बाकी सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा कारखान्यात कोणी मोठ्याने खोकतसुद्धा नाही. ओळखीचं वाटत असेल तर तो योगायोग नाही.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही आखणी दीपककडे दिलीत. दीपक तुमचा पुतण्या, कारखान्यात येऊन त्याला जेमतेम दोन हंगाम झालेले. मी शाळेच्या दप्तरासकट तिथे वाढलेली. नायगावच्या परबकाकूंचा गणपती त्यांच्या पाटावर तयार होता, तुम्ही जेवायला घरी गेला होतात, आणि मी ब्रश उचलला. तुम्ही परत आलात तेव्हा परबकाकू समोर हात जोडून उभ्या होत्या. म्हणत होत्या, "माझ्याकडेच बघतोय गो." तुम्ही मूर्तीच्या अगदी जवळ गेलात, नाक लागेल इतके, आणि म्हणालात, "तिरळे झाले." मग फडकं पांढऱ्या रंगात बुडवून दोन्ही डोळे पुसून टाकलेत. सगळ्यांच्या देखत. दीपकने नवे काढले. मी त्याच दिवशी नलूमावशीकडे गिरगावात आले ती अजून इथेच आहे.

गेममधली मुलगीही ब्रश उचलते. पुढे काय होतं ते वाचणारा ठरवेल. या वेळी तुम्ही नाही.

तुमची, पण आज्ञाधारक नसलेली,
अक्षदा

२२ मे
गिरगाव

ती. आप्पा,

पत्राला उत्तर नाही, पण आईमार्फत निरोप मिळाला. "घरातला भायर मांडू नको म्हणान सांग तिका." आईने तुमचा आवाज काढून सांगितलं, आणि तो तिला चांगला जमतो.

आप्पा, आपला कारखाना म्हणजे रस्त्यावर ताडपत्री टाकून उभा केलेला मांडव. चिवडा घ्यायला आलेली माणसंसुद्धा वाकून बघून जातात. त्यात आतलं काय आणि बाहेरचं काय? माझे डोळे पुसलेत तेव्हा निदान पंधरा माणसं बघत होती. तेव्हा घरातलं बाहेर गेलं नाही, आणि आता मी चित्रं काढली तर गेलं?

ते असो. गेमचं सांगते. मी केलेली पहिली चूक अशी की प्रत्येक ठिकाणी मी दोन वाटा दिल्या, त्या प्रत्येकीला आणखी दोन, त्यांना आणखी दोन. स्क्रीनवर प्रत्येक प्रसंगाचा एक चौकोन असतो आणि चौकोनांना जोडणाऱ्या रेषा. आठवडाभरात माझ्या रेषा मांडवाच्या मागच्या वायरिंगसारख्या झाल्या. इरावतीने बघितलं आणि चहा मागवला. मग म्हणाली, "हे पुरं करायला तुला म्हातारपण लागेल. वाटा फुटू देत, पण पुढे कुठेतरी परत एकत्र आण."

एकत्र आणायला शिकले तेव्हा मला एक चोरवाट सापडली. वाचणाऱ्यासमोर दोन पर्याय ठेवायचे आणि दोन्ही एकाच चौकोनाला जोडायचे. त्याला वाटतं आपण निवडलं. प्रत्यक्षात काहीही निवडलं तरी तो तिथेच पोचतो. मी खूष झाले. इरावती म्हणाली, "ही फसवी निवड. नवीन लोक हेच करतात. एकदोनदा चालतं, मग वाचणारा चिडतो."

मी म्हटलं, मला ही पद्धत लहानपणापासून येते. "अक्षदा, आज दागिने करतेस की पितांबर?" "अक्षदा, उंदीर रंगवतेस की मोदक?" काय छान मोकळीक होती. काहीही निवडलं तरी संध्याकाळी ब्रश धुवायला मीच, आणि डोळ्यांपाशी तुम्ही. मी वीस वर्षं चिडले नाही हेच नवल.

दुसरी चूक तर मी मुद्दाम ठेवलीय. गेममध्ये मुलगी विचारते, "आप्पा, आखणी करू?" वडील म्हणतात, "पुढल्या वर्षी बघू." आणि रेषा फिरून त्याच चित्रावर येते. पुन्हा विचारा, पुन्हा तेच उत्तर. इरावतीला वाटलं मी रेषा चुकीची जोडली. ती दुरुस्त करायला निघाली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, हात लावू नकोस, हा गेममधला सगळ्यात खरा भाग आहे. ज्याला पुढे जायचंय त्याने विचारणं बंद करायचं आणि ब्रश उचलायचा. दुसरी वाट नाही.

आता मुद्द्याचं. मुलगी डोळे काढते. वडील येतात, बघतात. इथे वाचणाऱ्याला निवड आहे: वडील डोळे पुसतात, किंवा वडील डोळे ठेवतात. ही फसवी निवड नाही, इथून खरंच दोन वाटा फुटतात. पुसतात ती वाट मी एका बैठकीत लिहिली, ती मला तोंडपाठ आहे. दुसरीकडे चौकोन आहे आणि तो रिकामा आहे. वडील डोळे ठेवतात तेव्हा काय म्हणतात? मी "शाब्बास" लिहिलं, खोडलं. "वा पोरी" लिहिलं, खोडलं आणि माझं मलाच हसू आलं. तुम्ही असं काही म्हणाल असं मला वाटतच नाही. तुमच्या तोंडचं ते वाक्य मला माहीत नाही, कारण मी ते कधी ऐकलेलं नाही.

म्हणून विचारते. पुसले नसते तर काय म्हणाला असतात? एक वाक्य पाठवा. आईच्या तोंडून पाठवलंत तरी चालेल. हा गेम एका स्पर्धेला जाणार आहे, जूनच्या शेवटच्या दिवसापर्यंत. तोवर वाट बघते.

अक्षदा

१२ जून
गिरगाव

ती. आप्पा,

वाक्य आलं नाही.

आई म्हणाली, "ऐकल्यांनी तुझा पत्र. गप रवले." वाचलं म्हणायचं असेल तिला. गप्प राहणं हे उत्तर असेल तर ते मी गेममध्ये टाकू शकते, चौकोन रिकामा ठेवायला कष्ट पडत नाहीत. पण वाचणारा तिथे पोचेल आणि त्याला वाटेल गेम बिघडला. मी काय करू? खाली टीप देऊ का, की हे वडील असेच आहेत?

मी एवढं मागतेय म्हणजे मला तुमची गरज आहे असं समजू नका. गेमला आहे.

चित्रं जवळजवळ झाली. कारखाना काढला, ताडपत्रीचा निळा रंग उन्हात खाली उतरतो तसा उतरवला. सगळ्या मूर्तींना थोडी निळी छाया आली. भिंतीशी उलटे ठेवलेले पाट आणि त्यांच्यावर खडूने लिहिलेली गिऱ्हाइकांची नावं काढली. तुम्हाला काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. बनियन, कमरेचं फडकं, कानावरची पेन्सिल. पाठ पहिल्या फटक्यात जमली. तुमची पाठ मी पुष्कळ बघितलीय.

इरावतीने परवा सगळी चित्रं एकापाठोपाठ बघितली आणि विचारलं, "अगं, यातल्या कोणालाच डोळे का नाहीत?"

मला प्रश्नच कळला नाही. डोळे शेवटी. आधी सगळी अंगं, सगळे कपडे, सगळे दागिने, आणि एकदा हात स्थिर झाला की एकाच बैठकीत सगळ्यांचे डोळे. ती म्हणाली की जगात लोक चित्र काढताना बरेचदा डोळ्यांपासूनच सुरुवात करतात, म्हणजे चेहऱ्यात जीव आलाय की नाही ते लगेच समजतं. मी म्हटलं, मग उरलेला वेळ ते चित्र तुमच्याकडे बघत राहणार, लाज नाही वाटत? ती खूप हसली. मी मस्करी करत नव्हते.

तर डोळे शेवटच्या दिवशी काढणार. गणपतीचे, मुलीचे, तुमचे. सुट्टी घेतलीय. मावशीला सांगून ठेवलंय की त्या दिवशी बोलायचं नाही. तिला हे सगळ्यात अवघड जाणार आहे.

वाक्याची वाट अजून बघतेय. हे शेवटचं सांगणं.

अक्षदा

८ जुलै
गिरगाव

ती. आप्पा,

अक्षर मोठं आलंय. पेन नवीन आहे.

गेम स्पर्धेला गेला, आणि डोळ्यांशिवाय गेला. त्या दिवशी सकाळी रंग भरून संपवले, पाणी प्यायले, आखणीला बसणार तेवढ्यात मला एक काम निघालं. काय काम ते तुम्हाला सांगायची गरज नाही. संध्याकाळपर्यंत परतता येईल की नाही माहीत नव्हतं, म्हणून होतं तसं पाठवून दिलं. गणपतीला डोळे नाहीत, मुलीला नाहीत, वडिलांना नाहीत. आणि वडील डोळे ठेवतात तिथलं पान कोरं.

मी तोंड लपवून बसले होते. तर लोकांना ते आवडलं. अनोळखी लोक खाली लिहितात, वाः, काय कल्पना आहे. बाप आहे पण त्याला दृष्टी नाही. देवालाही नाही. मुलीला आरशातसुद्धा स्वतःचे डोळे दिसत नाहीत. कोऱ्या पानावर तर एकाने एवढं मोठं लिहिलंय की ते वाचायला मला दोनदा बसावं लागलं. त्याच्या मते ते पान म्हणजे सगळ्या बापांचं मौन आहे.

इरावती म्हणाली, "काही बोलू नकोस. त्यांना मुद्दाम केलंय असं वाटू दे. नवशिक्याच्या नशिबी असं कौतुक रोज येत नाही."

मी बोलले. खाली लिहिलं, की यात कल्पना वगैरे काही नाही. आमच्या कारखान्यात डोळे शेवटी काढतात आणि माझे काढायचे राहिले. आणि माझ्या वडिलांविषयी ज्यांना बोलायचंय त्यांनी जरा जपून बोलावं. त्यांनी आजवर हजारो गणपतींना दृष्टी दिलीय. त्यांना दृष्टी नाही म्हणणारे तुम्ही कोण?

तुमच्यावर रागवायचा हक्क माझा आहे, तो मी भलत्याला देणार नाही. बक्षीस मिळालं नाही. कौतुक मात्र सगळ्यांनी जरा कमी केलं.

तब्येतीला जपा. हे सहज लिहिलंय.

अक्षदा

१३ जुलै
गिरगाव

आई, हे पत्र त्यांना वाचून दाखव. मला आता माहीत आहे की सगळी पत्रं तूच वाचून दाखवतेस. मधलं काही गाळू नकोस, आणि माझा आवाज काढायला जाऊ नकोस, तुझ्याच आवाजात वाच.

आप्पा,

आई म्हणाली, तुम्ही विचारलंत, "काय काम निघाला तिका?"

ते काम तुम्ही होता.

आईचा फोन आला की मांडवातल्या फळीवरून पाय चुकला, कपाळ फुटलं, परळला हॉस्पिटलमध्ये नेलंय. मी कॉम्प्युटरवर जे होतं ते पाठवलं आणि बस पकडली. वॉर्डच्या दारात पोचले तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात, डोक्याला पट्टी. दिवस होता, खिडकीतून लख्ख उजेड येत होता. माझ्या आणि तुमच्या मध्ये एक खाट. तुम्ही थेट माझ्याकडे बघितलंत. मी एक पाऊल आत टाकलं. आणि तुम्ही आईला विचारलंत, "दारात कोण उभा हा गो?"

मला वाटलं, हा अबोला आहे. डोकं फुटलं तरी हट्ट फुटला नाही असं वाटलं आणि मी मागे फिरले. आई जिन्यात धावत आली. तिने पदर तोंडाला लावला होता. म्हणाली, "त्यांका दिसणा नाय गो. तीन-चार वर्षां झाली. कोणाक सांगूक देनत नाय." मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. गिऱ्हाइकांना कळलं की रघु मूर्तिकाराला दिसत नाही, तर ती आपापले पाट उचलून दुसऱ्या कारखान्यात नेतील, म्हणून गप्प. म्हणून दीपक. म्हणून फोन उचलायचा नाही, नाव वाचता येत नाही; आंघोळ तेवढी हट्टाची. आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तर त्यांनाही तुम्ही म्हणालात, पुढल्या वर्षी बघू.

मी जिन्यातच बसले, आप्पा. आईला वाटलं मी तुमच्यासाठी रडतेय. तुमच्यासाठीही होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याआधी दुसरंच डोक्यात आलं, आणि ते मी लिहिणार आहे. तुम्ही आजारी आहात म्हणून ते गिळणार नाही.

तीन-चार वर्षं. म्हणजे परबकाकूंच्या गणपतीच्या वेळी तुम्हाला दिसत नव्हतं.

तुम्ही नाक लागेल इतके जवळ गेलात. मला वाटलं माझी चूक शोधताय. तुम्ही डोळे शोधत होता. ते तुम्हाला दिसले नाहीत, आणि तुम्ही म्हणालात, तिरळे झाले. दोन वर्षं मी तो शब्द उशाशी घेऊन झोपतेय. छापखान्यात पत्रिकेवरचा बोटाएवढा गणपती काढतानासुद्धा मी कागद उलटा धरून तपासते, तिरळा झाला की काय. गेममध्ये गणपतीचे डोळे शेवटपर्यंत लांबवले त्यात कारखान्याची सवय होती हे खरं. पण भीतीही होती. तुम्ही माझे डोळे न बघता पुसलेत.

वाईट असते आणि पुसले असते, तर मी सहन केलं असतं. तुमच्या वडिलांनी तुमचे किती पुसले, ते मला माहीत आहे. हे काम असंच शिकतात. पण बघून पुसतात. मला वाटत होतं की तुम्ही मला नापास केलंत. तुम्ही तर पेपरच तपासला नव्हतात.

तुम्हाला दिसत नाही हे तेव्हा मला एकटीला सांगितलं असतंत, तर काय झालं असतं? मी तुमच्या बाजूला बसले असते. तुम्ही सांगितलं असतंत तशी बाहुली वर, तशी कड खाली. गिऱ्हाइकाला कळलं नसतं. पण ती निवड तुम्ही मला दाखवलीच नाहीत.

आता माझं म्हणणं. ऑपरेशन याच महिन्यात करायचं. हंगाम दीपक सांभाळेल, त्याचे गणपती जरा नुकतेच झोपेतून उठल्यासारखे दिसतात, पण लोक त्यांनाही नमस्कार करतात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे सांगत नाहीये, किंवा फक्त तेवढ्यासाठी नाही. माझ्या डोळ्यांचा निकाल लागायचा राहिलाय आणि तो देणारा माणूस मला दिसणारा हवा आहे.

पुढल्या वर्षी नाही. त्या वाटेवर किती फिरता येतं ते मी गेममध्ये बघितलंय.

आई, इथे थांब. ते काही बोलले तर मला फोन कर. नाही बोलले तरी कर.

अक्षदा

९ ऑगस्ट
गिरगाव

ती. आप्पा,

नमस्कार. साष्टांग नाही, नुसता. सुरुवात म्हणून.

हे पत्र मी नेहमीच्या बारीक अक्षरात लिहितेय. वाचता येतंय ना? डॉक्टर म्हणाले आहेत येईल. उजवा डोळा आधी झाला हे बरं केलंत, आखणीला तुम्ही डावा मिटूनच बसायचात. डावा दिवाळीनंतर, आणि तो चुकवायचा नाही.

ऑपरेशनला का तयार झालात ते आईने सांगितलं नाही. ती म्हणते, पत्र वाचून झाल्यावर तुम्ही रात्रीचं जेवण जेवलात, पान खाल्लंत आणि विचारलंत, परळची ओपीडी कितीला उघडते. मी तेवढ्यावरून काय समजायचं ते समजले.

मधल्या काळात मी डोळे काढून घेतले. स्पर्धा संपली तरी गेम बदलता येतो, कारखान्यापेक्षा ही एक सोय बरी आहे. मावशी कीर्तनाला गेलेली होती, घर शांत होतं. गणपतीचे काढले, मुलीचे काढले. कागद उलटा धरून तपासायची इच्छा झाली, पण मी तपासलं नाही.

आणि काल आईचा फोन. तुम्ही गेम खेळलात. तिचा मोबाइल हातात धरून, काळा चष्मा कपाळावर सरकवून, जो सरकवायला डॉक्टरांनी मनाई केलीय. ती शेजारी बसली होती. "आप्पा, आखणी करू?" तिथे तुम्ही चार-पाच वेळा फिरलात, असं ती म्हणाली, आणि मग चिडून म्हणालात, "ह्यो बापूस काय ऐकणा नाय."

मग मुलीने ब्रश उचलला. निवड आली. पहिल्यांदा तुम्ही पुसलेत. मला तेच अपेक्षित होतं, आईला वाईट वाटलं, मला नाही. मग तुम्ही मागे आलात. हे आईने तीनदा सांगितलं, मागे आले, स्वतः मागे आले, मी सांगितलं नव्हतं. दुसरं निवडलंत. वरती गणपतीचं चित्र, खाली कोरं पान. तुम्ही बराच वेळ चित्राकडे बघत बसलात. बोटांनी ते मोठं केलंत. आईचा चहा निवला. आणि मग म्हणालात, "डावो डोळो जरासो वर गेलो हा. बाकी ऱ्हवांदे."

डावा डोळा वर गेलेला नाही, आप्पा. मी पट्टी लावून बघितलं. गेलाच असेल तर केसभर, आणि तोही डावीकडची भुवई जाड आली म्हणून तसा दिसतो. यावर मी तुमच्याशी समोरासमोर भांडणार आहे.

पण ते वाक्य, शेवटच्या 'राहू दे'सकट, मी जसंच्या तसं कोऱ्या पानात टाकलं, मालवणीतच. इरावतीने वाचलं आणि विचारलं, "हे कौतुक आहे?" मी म्हटलं, आमच्याकडे यालाच म्हणतात. माझं "शाब्बास" किती खोटं होतं ते आता कळतंय. मी भलतंच वाक्य शोधत होते. तुम्ही डोळे ठेवता तेव्हासुद्धा त्यातला एक सरळ नसतो.

मग आई म्हणाली की तुम्ही स्वतःचं चित्र बघून विचारलंत, "आणि माझे डोळे खंय?" ते मी काढलेले नाहीत. गणपतीचे आणि मुलीचे आठवून काढता आले. तुमचे नाही आले. मी तिथे होते त्या शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत तुम्ही माझ्याकडे बघताय असं मला वाटायचं तेव्हा तुम्हाला मी दिसत नव्हते, त्यामुळे ते डोळे खरे कसे होते ते मला माहीतच नाही. ते समोर बसून काढावे लागतील.

आता परबकाकूंचं. त्यांची चाळ पाडली, त्या आता संक्रमण शिबिरात राहतात, तरी पाट घेऊन आल्या म्हणे. आईने सांगितलं की त्यांचा गणपती पूर्ण झालाय, दागिन्यांसकट, आणि तुम्ही दीपकला त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही. मूर्तीवर कोरडं फडकं टाकून ठेवलंय आणि कोणी विचारलं तर म्हणता, हा राहू दे. कोणासाठी ते सांगत नाही. आई म्हणते, समजून घे. मी समजून घेतलेलं आहे, पण आप्पा, मला आता समजून घ्यायचा कंटाळा आलाय. म्हणून तुम्ही न बोललेलं मीच बोलते. मी गुरुवारी येतेय, सकाळी. माझा ब्रश मी आणीन.

मी राहायला येत नाहीये. छापखाना सोडणार नाही, गेम तर नाहीच, दुसरा सुरूही केलाय. परबकाकूंना सांगायचं की डोळे अक्षदाने काढले. त्या विचारोत न विचारोत, तुम्ही सांगायचं, दीपकने नाही आणि आईने नाही. मी आखणीला बसेन तेव्हा तुम्ही समोर बसायचं, चष्मा लावून, आणि नाक लागेल इतकं जवळ यायची आता गरज नाही.

झाले की मी बाजूला होईन. फडकं पांढऱ्या रंगात बुडवून मीच तुमच्या हातात देईन. पुसायचे असले तर पुसा, सगळ्यांच्या देखत पुसा, मी एक अक्षर बोलणार नाही.

फक्त या वेळी आधी बघा.

अक्षदा